पांढरी पाच

त्या वर्षी हिवाळ्यात त्या घरात असा नियम होता की हीटर लावायचा तो फक्त आजारी माणसासाठी. घर म्हणजे चाकं काढून विटांवर टेकवलेला एक लांबट ट्रेलर. त्यात सहा माणसं राहायची. आई, वडील, वडिलांचा धाकटा भाऊ, दोन मोठे मुलगे आणि सतरा वर्षांची मुलगी. मूळचे सोनोराचे, म्हणजे अ‍ॅरिझोनाला लागून सीमेपलीकडे जो मेक्सिको आहे तिथले. पुरुष आठवडाभर कापसाच्या शेतांवर आणि संत्र्यांच्या बागांत राबायचे, आणि शनिवार-रविवारी चांदीच्या बटणांचे काळे पोशाख चढवून लग्नांत, बारशांत, रेस्टॉरंटांत वाजवायचे. आजोबाही हेच करायचे. गाणारे एकटे वडील, बाकीचे साथीला. मग कापसावर फवारायच्या औषधानं वडिलांचा घसा गेला. बोलायला लागले की जळलेली कढई खरवडल्यासारखा आवाज यायचा. गाणारा गेला तशी बोलावणी गेली. ज्या रेस्टॉरंटात ते दर रविवारी दुपारी असायचे तिथल्या मालकानं दुसरा ताफा ठेवला. थोरल्या मुलानं कॉलेजचं नाव काढणं बंद केलं.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी दिसले ते पोशाख.

अ‍ॅरिझोनातलं आमचं चँडलर गाव तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्याच्या कुंपणापाशी कापूस संपायचा, की कापसापाशी कुंपण संपायचं, ते सांगता आलं नसतं. नवरा त्या कारखान्यात इंजिनिअर होता, आणि मी वर्षभर घरात बसून कंटाळल्यावर तिथेच तपासणीच्या कामाला लागले. मला ड्राइव्ह करता येत नव्हतं, म्हणून मी चालत जायचे. अमेरिकेत रस्त्याच्या कडेनं साडी नेसून चालणारी बाई म्हणजे गाड्या स्लो करून बघायची गोष्ट. पुढे पँट घालायला लागले, तरी गाड्या स्लो व्हायच्याच.

एका शनिवारी वाटेतल्या त्या ट्रेलरसमोर दोरीवर चार काळे पोशाख उलटे करून उन्हात घातलेले दिसले. खाली पायरीवर एक जाडजूड गृहस्थ फडक्यानं एकेक बटण घासत होते. माझे पाय थांबले. बार्शीला आमच्या बोळात लग्नसराईच्या आधी आई असेच कोट वाळत घालायची. आमचे लाल होते, सोनेरी गोफ लावलेले. बगलेतला घामाचा वास जावा म्हणून उलटे करायचे. आणि दादा, म्हणजे माझे वडील, पायरीवर बसून क्लॅरिनेटच्या चाव्या पुसायचे.

मी बँडवाल्याची मुलगी. आज हे वाक्य मी सरळ लिहिते. तेव्हा लिहिलं नसतं. लग्नाचे मुहूर्त संपले की बँड बंद, मग दादा लोकांच्या भिंतींना चुना लावायचे. त्याच चुन्याच्या हातांनी त्यांनी मला शाळेत घातलं. आमच्या सगळ्या खानदानात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. बी.एस्सी. फिजिक्स, फर्स्ट क्लास. निकालाच्या दिवशी दादांनी अख्खा बँड कोटासकट कॉलेजच्या फाटकावर आणून उभा केला आणि वाजवायला सुरुवात केली. प्रिन्सिपॉल बाहेर येऊन म्हणाले, "अहो, वरात पुढे न्या, इथे कॉलेज आहे." दादा म्हणाले, "साहेब, वरात इथलीच आहे."

एवढं असूनही अमेरिकेत मराठी मंडळी जमली आणि कुणी काकूंनी विचारलं, "वडील काय करतात गं?" की मी म्हणायचे, "संगीतात आहेत." त्या म्हणायच्या, "अय्या, हो?" आणि मी पुरणपोळी वाढायला पळायचे.

कारखान्यात आम्ही डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून, तोंडाला फडकं बांधून सूक्ष्मदर्शकाखाली सिलिकॉनच्या चकत्या तपासायचो. दिसायचे फक्त डोळे. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई फडक्याआड सतत काहीतरी गुणगुणायची. त्या शनिवारनंतर सोमवारी तीच मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही आमच्या कोटांकडे बघत उभ्या होतात."

मी दचकले. म्हणाले, "आमच्या घरीही होते. लाल."

"कुणाचे?"

"वडिलांचे. ते वाजवतात. लग्नांत." अमेरिकेत हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, तेही तोंडावर फडकं असताना.

तिचे डोळे हसले. "आणि मुलीला शिकवलं त्यांनी? किती?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही लिसेन्सियादा!" त्यांच्याकडे पदवी घेतलेल्या माणसाला नावानं हाक मारत नाहीत, पदवीनं मारतात. वकिलालाही तेच आणि माझ्यासारख्या बी.एस्सी.लाही तेच. त्या दिवसापासून ती मला अख्ख्या लाइनवर तशीच हाक मारायची. खरं सांगते, मला ते भयंकर आवडायचं. सुपरवायझर माझं नाव तीन वर्षं चुकीचंच म्हणत होता.

त्याच आठवड्यात तिनं आम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावलं. माझ्यासाठी डुकराच्या चरबीशिवाय वेगळी राजम्यासारखी उसळ केली होती. टॉर्टिया बघून नवरा म्हणाला, "अगं, या तर आपल्या पोळ्या!" आणि सात खाल्ल्या. वडिलांना सगळे माएस्त्रो म्हणायचे, वाजवणाऱ्याला तिकडे तसंच म्हणतात. आम्हीही तेच म्हणू लागलो. मुलगी शाळेत शिकत होती, इंग्रजी फाडफाड बोलायची, त्यामुळे इकडचं तिकडे तीच करायची. मला काय म्हणायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे मावशी म्हणतात. तर ती मावशीच म्हणू लागली.

जेवण झाल्यावर वाद्यं निघाली. माएस्त्रोंकडे भोपळ्याएवढ्या पोटाची जाड तारांची गिटार होती, खर्जातली. धाकट्या भावाचा ट्रम्पेट आणि दोघा मुलांची व्हायोलिनं. वडिलांचा घसा गेल्यापासून त्यांच्या जागी आता मुलगी गाणार होती. ती उभी राहिली, हात मागे बांधले आणि सुरुवात केली.

पहिल्या चार सुरांतच काहीतरी चुकतंय हे मला कळलं. पोरीचा आवाज चांगला होता, पण खालच्या ओळीला तो विहिरीत पडल्यासारखा नाहीसा व्हायचा. आणि तो टाळायला तिनं वरून धरलं की गळ्याची शीर फुगायची. ती वडिलांच्या पट्टीत गात होती.

पट्टी म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी पेटी नाही त्यांच्यासाठी सांगते. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. आमच्याकडे गाणारा बसला की आधी विचारतात, पट्टी कोणती? म्हणजे तुझा सा कुठे ठेवू? कुणी म्हणतं काळी एक, कुणी पांढरी चार. ज्याच्या गळ्याला जी मानवते ती. पुरुषाच्या पट्टीत बाई सहसा गात नाही. मग बाकीचे त्या सा पासून वाजवतात. बँडमध्ये मला कधी कुणी उभं केलं नाही, मुलीची जात. पण दादांकडे गाणारे यायचे तेव्हा पेटीवर बसून त्यांची पट्टी शोधून द्यायचं काम दहाव्या वर्षापासून माझं होतं. एवढं एक मला झोपेतही जमतं.

गाणं संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माएस्त्रोंनी विचारलं, लिसेन्सियादा काय म्हणतात?

थोडं गोड बोलून वेळ मारून न्यायची अक्कल मला नाही. मी म्हटलं, "ही पट्टी हिची नाही. तुमची आहे. हिला वर न्या."

भाषांतर करायचं होतं त्याच पोरीला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग वडिलांना बरंच काही बोलली. माझी वाक्यं चार शब्दांची होती, तिचं बरंच लांब झालं. तरी मुद्दा पोचला असावा, कारण ट्रम्पेटवाले काका एकदम सरसावले.

"वर न्यायचं म्हणजे? दो कुठे ठेवायचा?"

मी म्हटलं, "जिथे ती गाईल तिथे."

"दो तिथे कसा जाईल? दो इथे आहे." त्यांनी ट्रम्पेट वाजवून दाखवला. "दो म्हणजे दो. तुमच्या कारखान्यात उत्तर दिशा रोज बदलते का?"

आता ही गंमत मला कळायला वेळ लागला. आमचा सा कुठेही बसतो. तुम्ही बसवाल तिथे सा. त्यांचा दो मात्र जागचा हलत नाही. तो एका सुराचं नावच आहे, पेटीवरची पांढरी एक. काका लहानपणी गावच्या बँडमध्ये असेच शिकले होते, प्रत्येक गाणं त्या नावांनी पाठ आणि त्या नावांनीच बोटं बसलेली. मोठ्या शहरांतले वादक गाणं हवं तिथे उचलून नेतात, पण या घरात आजोबांपासून पुरुषच गात आले होते, एकाच पट्टीत. कुणाला उचलायची गरजच पडली नव्हती.

नवरा मराठीत पुटपुटला, "बास कर."

मी म्हटलं, "तुम्ही शिकलात तर एका महिन्यात जमेल."

माएस्त्रोंनी गिटार भिंतीला टेकवली. खरवडत्या आवाजात म्हणाले, "या गाण्यांची जागा माझ्या वडिलांनी ठरवली आहे." आणि बाहेर अंगणात गेले. कॉफी आली तरी आत आले नाहीत.

परत येताना गाडीत नवरा म्हणाला, "अगं, यार, जेवायला बोलावलं होतं त्यांनी. तू त्यांच्या बापाच्या गाण्यात चूक काढलीस."

"चूक होती."

"होती ना. पण सात पोळ्या माझ्या पोटात होत्या तेव्हा काढायची?"

पुढे महिनाभर बोलावणं नाही. सेन्योरा, म्हणजे शेजारच्या टेबलावरची ती, मुलांची आई, कारखान्यात पहिल्यासारखीच बोलायची, पण गुणगुणणं थांबलं होतं. मीच एकदा विचारलं. तेव्हा तिनं सांगितलं की रेस्टॉरंटचा मालक त्यांना एकदा, फक्त एकदाच ऐकणार आहे. दहा मेला. त्या दिवशी त्यांचा आईचा सण असतो, प्रत्येक टेबलाला गाणं लागतं. मालकाला पोरीचं गाणं पटलं तर रविवार परत मिळणार. नाही पटलं तर काका आणि मुलगे कॅलिफोर्नियाला कोबीच्या शेतांवर जाणार. मग ताफा संपलाच. मुलीसाठी तिनं कारखान्याचा अर्जही भरून ठेवला होता.

"तिला काय हवंय?" मी विचारलं.

"तिला गायचंय. दुसरं काय हवंय तिला?" मग चकती बदलता बदलता ती हळूच म्हणाली, "लिसेन्सियादा, तुमचं बरोबर आहे हे त्याला कळतं. तुम्ही त्याचे ओठ पाहिले नाहीत का?"

पाहिले होते. मुलगी गात असताना माएस्त्रो डोळे मिटून ओठ हलवत होते. मला वाटलं होतं ते तिला शब्द आठवून देताहेत.

"तो गात असतो," ती म्हणाली. "मनात. गाणी वर गेली तर त्याला मनातही गाता येणार नाही."

त्या दिवशी मी दोन चांगल्या चकत्या खराबच्या डब्यात टाकल्या.

त्याच आठवड्यात शाळेतून परतताना मुलगी आमच्या अपार्टमेंटवर आली. तिचा घसा बसला होता. शाळेतल्या नर्सनं आठ दिवस गाऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. ती दारातूनच म्हणाली, "मावशी, ते तुम्ही म्हणत होता ते दाखवा."

आमच्याकडे गराज सेलमध्ये घेतलेलं एक खेळण्याएवढं बॅटरीचं कीबोर्ड होतं. आठ दिवस थांबून मग मी तिला जमिनीवर बसवलं, आणि दादांच्या घरी करायचे तसं केलं. पांढरी एक. खाली बुडते. पांढरी तीन. अजून नाही. काळी तीन, काळी चार, काळी पाच करत वर गेले. वरचा सूर ओढायला लागला तशी एकेक खाली आले. पांढरी पाचवर तिनं तीच ओळ म्हटली आणि ती स्वतःच थांबली. माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हटली. तिला कसलीही ओढाताण करावी लागत नव्हती. खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला. आम्हाला वाटलं आता तक्रार येणार. थोड्या वेळानं खालची म्हातारी जिन्यात येऊन म्हणाली, "बंद का केलंत?"

मुलगी खूष झाली आणि लगेच रडायला लागली. "पण पप्पांना कोण सांगणार?"

मी सांगून पाहिलं होतं. काय झालं ते दिसतच होतं. म्हणून मी त्या दिवशी दादांना पत्र लिहिलं, सगळं. माझी चूकसुद्धा.

उत्तर यायला महिना जवळजवळ गेला. दादांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे आणि माझी धाकटी बहीण लिहायची, मधूनमधून स्वतःचं घुसडत. ते पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यातलं महत्त्वाचं असं:

"ताई, दादा म्हणतात, तू बोललीस ते खरं पण तुला बोलायचं कुणी सांगितलं होतं? (तुझी जुनी खोड. मी.) दादा म्हणतात, माझे पुढचे दोन दात पडले तेव्हा क्लॅरिनेटमधून वारा जायला लागला. सगळ्यांना ऐकू यायचं. कुणी काही बोललं नाही. (आई म्हणते, मी बोलले होते.) मग ट्रम्पेटवाला एक दिवस म्हणाला, मास्तर, सुरुवातीचा सूर तेवढा तुम्ही द्या, पुढचं आम्ही ओढतो. मग मी सूर द्यायचो आणि थांबायचो. सहा महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं की आपण वाजवणं सोडलंय. त्या माणसाला पट्टी सोडा म्हणू नकोस. पोरीला म्हणावं, त्याच्याकडून सूर मागून घे. मागायला आलेल्याला वाजवणारा माणूस नाही म्हणत नाही. लोणच्याची बरणी फुटली की पोचली ते कळव."

बरणी फुटली होती. पत्रालाही कैरीचा वास होता.

एप्रिलचा शेवट आला होता. मी मुलीला पत्र वाचून दाखवलं, इंग्रजीत. तिनं ते दोनदा ऐकलं. "एवढंच?" म्हणाली.

"एवढंच. आणि मी तिथे येणार नाही."

"नाही मावशी, या. तुम्ही नसलात तर मी मागणार नाही."

म्हणून त्या रविवारी न बोलावता गेलो. यावेळी नवऱ्यानं मला गाडीतच बजावलं, "तू पाण्याचा ग्लाससुद्धा मागायचा नाहीस." ट्रेलरच्या सावलीत खुर्च्या मांडून तालीम चालली होती. माएस्त्रोंनी आम्हाला बघून मान हलवली, खुर्ची सरकवून दिली. घरी आलेल्याला बसवायचं, एवढं त्यांनी राग असतानाही सोडलं नाही.

काकांनी ट्रम्पेट उचलला. मुलगी वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. तिकडे कितीतरी घरांत मुलं आईबापांना अहो-जाहो करतात. ती म्हणाली, "पप्पा, मला माझा सूर द्या."

एवढी स्पॅनिश मला कळत होती.

माएस्त्रो म्हणाले, "कुठला?"

"मला माहीत नाही. तुम्ही शोधून द्या."

तिला माहीत होता. तिनं तो महिनाभर आमच्या जमिनीवर बसून घोकला होता. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी नवऱ्याकडे बघितलं आणि गिळलं.

तिनं साथीशिवाय ओळ सुरू केली. माएस्त्रोंची बोटं जाड तारांवर फिरायला लागली. एक तार छेडली, नाही. दुसरी, थोडी वर, नाही. मग त्यांनी एक सूर छेडला आणि तो तिच्या आवाजाखाली जाऊन बसला. मी डोळे मिटले. पांढरी पाच.

"सोल," काका पुटपुटले, म्हणजे त्यांच्या नावात पांढरी पाच. मग थोडं थांबून म्हणाले, "आई इथूनच म्हणायची."

"कोण आई?" माएस्त्रो म्हणाले.

"आपली. टॉर्टिया थापताना. हेच गाणं."

"छे. आई याच्यापेक्षा वर म्हणायची."

"तू बाहेर असायचास. मी चुलीपाशी असायचो. इथूनच."

"तुला काय आठवतंय, तू चार वर्षांचा होतास!"

"चार वर्षांच्याला भूक लागत नाही? मी तिथेच बसलेला असायचो!"

दोघं आईवरून असे भांडले की मुलगी गाणं थांबवून बघतच राहिली; शब्द न् शब्द तिनं मला नंतर सांगितला. आजीनं आयुष्यभर घरात गायलं होतं, ताफ्याबरोबर कधीच नाही. तिची पट्टी कोणती, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी माएस्त्रोंनी हात वर केला. तोच सूर पुन्हा छेडला आणि मुलीला म्हणाले, "मिहा, घे." मिहा म्हणजे माझी लेक.

व्हायोलिनवाल्या भावांना पांढरी पाच सोपीच होती, ती त्यांची मोकळी तार, बोट न दाबता वाजणारी. काका मात्र हवालदिल झाले. "आणि माझ्या बोटांचं काय?"

"तुझी बोटं तरुण आहेत," माएस्त्रो म्हणाले. "पन्नासचीच आहेत अजून."

तेव्हा मला तोंड उघडायची परवानगी मिळाली. मी वहीच्या पानावर गाण्याचे सूर सारेगममध्ये लिहून काढले. काका म्हणाले, "ही कसली लिपी? सगळी अक्षरं दोरीवर वाळत घातलीत." त्याखाली मुलीनं त्यांची नावं लिहिली, आधी जुनी जागा, मग नवी. तीन ओळी एकाखाली एक. सा हलतो आणि बाकीचे त्याच्यामागून जातात, हे काकांना त्या कागदावर दिसलं. पटलं नाही. पण दिसलं. पुढचे बारा दिवस ते संत्र्याच्या झाडाखाली जेवणाच्या सुट्टीत हवेत बोटं हलवत बसायचे, असं मुलगे सांगायचे.

दहा मे. रेस्टॉरंटात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक टेबलाच्या टोकाला एक आई, तिच्या छातीवर फूल. मालक गल्ल्यामागे हाताची घडी घालून उभा. आम्ही दोघं आणि सेन्योरा स्वयंपाकघराच्या दाराशी. टोपी डोक्यावर हवी हा त्यांचा नियम, पण काकांनी त्या दिवशी तो मोडला. टोपी पायाशी उलटी ठेवली आणि तिच्यात माझा कागद, दिसेल असा.

मुलगी पुढे आली, वळली, वडिलांकडे बघितलं. माएस्त्रोंनी सूर दिला. ती सुरू झाली.

दुसऱ्या ओळीपर्यंत काटेचमचे थांबले होते. मी मालकाकडे बघत होते, त्यानं घडी सोडली नव्हती. तेवढ्यात पुढच्या टेबलावरचे एक आजोबा भारावून उठले आणि त्यांनी चालत जाऊन काकांच्या टोपीत एक नोट ठेवली. नेमकी कागदावर. काकांनी खाली बघितलं. पुढची ओळ नोटेखाली. ट्रम्पेट आपल्या जुन्या जागी, माएस्त्रोंच्या वडिलांच्या जागी गेला. एक सूर चुकला, दुसरा चुकला. मुलीचा आवाज हलला. सेन्योरानं माझा हात एवढ्या जोरात धरला की बांगडी वाकली.

आणि माएस्त्रोंनी पांढरी पाचची ती जाड तार अशी ओढली की टेबलावरचे ग्लास वाजले. एकदा, परत एकदा. ते काकांकडे बघतसुद्धा नव्हते, फक्त मुलीकडे बघत होते आणि तिच्या पायाखाली तो सूर ठोकत होते. काका परत आले. मुलगी तर कुठे गेलीच नव्हती. शेवटची ओळ तिनं जशी आमच्या अपार्टमेंटमध्ये म्हटली होती तशीच म्हटली, ओढाताण न करता.

मी माएस्त्रोंच्या ओठांकडे बघितलं. ते मिटलेले होते. डोळे उघडे होते.

टाळ्या संपायच्या आत एका टेबलानं तेच गाणं पुन्हा मागितलं. काकांनी नोट उचलून मुकाट्यानं खिशात घातली आणि कागद सरळ केला. मालक गल्ल्यामागून बाहेर आला, माएस्त्रोंना म्हणाला, "येत्या रविवारी किती वाजता येताय?"

त्यानंतरच्या गणपतीला मराठी मंडळी जमली तेव्हा नव्यानं आलेल्या एका काकूंनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, "बार्शीला बँड आहे त्यांचा. लग्नात वाजवतात." त्या म्हणाल्या, "अय्या, हो?" मी तिथेच उभी राहिले. दादांना पत्रात हेही कळवलं. बहिणीनं उत्तरात लिहिलं, दादा काही बोलले नाहीत, पण पत्र कोटाच्या खिशात घेऊन फिरतात.

कॅलिफोर्नियाला कुणी गेलं नाही. कारखान्याचा अर्ज सेन्योरानं माझ्यासमोर फाडला. थोरला मुलगा पुढच्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात गेला, त्या घरातला पहिला. आणि दोन वर्षांनी फिनिक्सच्या एका छोट्या स्टुडिओत मुलीची पहिली कॅसेट निघाली. तिच्यावर दहा गाणी आहेत. दहाही तिच्या पट्टीत आहेत.